कोयत्याची बाजू

रान राखायचं तर त्याला कोयता लावू नये, हे मत आता शहाणपणाचं समजलं जातं. कामशेतजवळ नाणे मावळात जमिनीचा तुकडा घेऊन झाडं लावणाऱ्यांकडून ते हमखास ऐकू येतं. मत जुनंच. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, ऐन-किंजळाच्या फांद्या छाटण्यावर इंग्रजी वनखात्याचाही असाच रोष होता. ठाणे-कुलाब्यातल्या रयतेच्या तक्रारींमुळे १८८५ साली मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, त्यात राब हा कळीचा मुद्दा होता.

कोयता नको म्हणणाऱ्यांचा भक्कम आधार म्हणजे देवराई. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांची नोंद केली. देवाच्या धाकाने हत्यार थांबलं म्हणून ही रानं टिकली, हे खरंच. पण गावाची चूल, कूड, औत कशावर चालत होतं? भोवतालच्या रानावर. तिथे कोयता चालला म्हणून देवराईत तो थांबवणं परवडलं.

ऐनाचं झाड बुंध्याशी तोडलं तरी खुंटाला धुमारे येतात. जाणता माणूस धारदार कोयत्याने तिरपा घाव घालतो; साल फाटत नाही, खुंटावर पाणी साचत नाही. पुढे धुमाऱ्यांतले दोन-तीन जोमदार राखून बाकीचे काढतो.

उलट, हात न लावलेल्या तुकड्यात आधी माजते घाणेरी. वरून कापली की ती पुन्हा फुटते. कुदळीने मातीखाली दोन बोटं सोटमूळ तोडून झुडूप उलटं ठेवावं लागतं. तिथे जेसीबी घातला, तर करवंद आणि ऐनाची रोपंही जातात.

दरवर्षी तेच झाड ओरबाडलं तर सांगाडा उरतो, हे कबूल. तो दोष तोडीची पाळी मोडण्याचा. इंग्लंडातलं ब्रॅडफिल्डचं रान १२५२ पासून पाळीपाळीने तोडलं जातं, अजून उभं आहे. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातशेतीत तर बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडतात. रानावरचा भार हलका होतो. गिरिपुष्प छाटायलाही कोयताच लागतो.

तेव्हा मावळात रानाचा हिशेब मागायचाच, तर आधी जेसीबीने प्लॉट सपाट करणाऱ्याकडे मागावा. तोडलेलं ऐनाचं झाड पुन्हा फुटतं. मुळासकट उपटलेल्याला फुटायला खुंटच उरत नाही.