कुंडी नावाचा व्हेरिएबल

मंडळी, या वीकेंडला जरा वेगळा विषय. कुंडी! हो, बाल्कनीत कढीपत्ता लावलेली असते तीच. कुठल्याही माळ्याला विचारा, तो सांगेल: कुंडी लहान तर झाड लहान. मग यात इतिहास कसला? तर गंमत अशी, की माळ्याला जे पाठ होतं ते प्रयोग करणारे हुशार लोक बरेचदा हिशोबातच धरत नव्हते.

सुरुवात करू सतराव्या शतकातल्या ब्रुसेल्सच्या फान हेल्मोंटपासून. या गृहस्थाने एका मोठ्या मातीच्या भांड्यात २०० पौंड कोरडी माती भरली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं (आपल्याकडचा वाळुंज याच कुळातला) आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंडांच्या थोडं वर. आणि माती? जेमतेम २ औंस कमी! त्याने निष्कर्ष काढला, की झाड पाण्यापासूनच बनतं. हे सगळं छापून आलं १६४८ मध्ये, तो गेल्यावर ४ वर्षांनी.

निष्कर्ष चुकला, पण भांडं मात्र त्याने योग्य निवडलं होतं. ९० किलो माती म्हणजे मुळांना ऐसपैस जागा. खरा दैवदुर्विलास पुढेच आहे. 'गॅस' हा शब्द याच माणसाने घडवला, कोळसा जळताना निघणाऱ्या वायूचीही त्याने नोंद केली. तो वायू म्हणजे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. त्याचं झाड नेमकं तेच खाऊन वाढत होतं!

आता थेट विसाव्या शतकात येऊ. कोळसा-पेट्रोल जाळून आपण हवेत हाच वायू वाढवत होतो. प्रश्न साधा होता: हवेत जास्त कार्बन डायऑक्साइड असेल तर पिकं जास्त वाढतील का? मग ठिकठिकाणी बंद कक्षांमध्ये कुंड्या मांडून प्रयोग झाले. बऱ्याच प्रयोगांत रोपं आधी जोरात वाढायची आणि काही आठवड्यांनी त्यांचं प्रकाशसंश्लेषण मंदावायचं. म्हणजे झाडांना सवय होते, फायदा तात्पुरता, असं वाटू लागलं.

१९९१ मध्ये आर्प नावाच्या संशोधकाने हे जुने प्रयोग कुंडीच्या मापाप्रमाणे लावून पाहिले. साडेतीन लिटरपेक्षा लहान कुंडी असेल तर मंदावणं दिसत होतं. साडेबारा लिटरच्या वर किंवा उघड्या जमिनीत ते दिसत नव्हतं. त्याच वर्षी अमेरिकेत थॉमस आणि स्ट्रेन यांनी कपाशीवर हेच दाखवलं. लहान कुंडीतलं रोप मोठ्या कुंडीत हलवलं की गाडी पुन्हा रुळावर. कारण सरळ आहे. मुळांना वाढायला जागा नाही, त्यामुळे पानांत बनलेली साखर खपत नाही. माल गोदामात पडून राहिला की कारखाना हळू चालणारच!

आपल्या भाषेत सांगायचं तर बग कोडमध्ये नव्हता, टेस्ट सर्व्हरच तोकडा होता. :-)

अर्थात प्रकरण इतक्यावर मिटलं नाही. १९९३ मध्ये हार्वर्डच्या मॅककॉनहे, बर्न्टसन आणि बझाझ यांनी म्हटलं, की नुसत्या आकारमानापेक्षा खतपाणी किती दिलं ते जास्त महत्त्वाचं. मुद्दा रास्त होता, कारण लहान कुंडीत जागेबरोबर बाकीचा शिधाही कमीच असतो.

मग २०१२ मध्ये हेंड्रिक पोर्टर आणि सहकाऱ्यांनी ६५ अभ्यास एकत्र मांडले. कुंडी दुप्पट केली की झाडाचं वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढतं. गणित करून बघा: कुंडी चौपट, तर झाड साधारण दुप्पट. एमआरआय काढून त्यांनी हेही दाखवलं, की मुळं फार लवकर कुंडीच्या भिंतीला जाऊन टेकतात. त्यांचा सल्ला असा, की एक लिटर कुंडीमागे झाडाचं कोरडं वजन १ ग्रॅमच्या आसपास असावं, २ च्या वर नको. हा हिशोब लावला तर प्रयोगांतल्या बहुतेक कुंड्या लहानच ठरतात.

असो. पुढच्या पन्नास वर्षांत गहू-तांदूळ किती पिकेल याचे मोठमोठे आकडे आपण वाचतो. त्यातला एखादा आकडा कुंडीतल्या प्रयोगावरून आलेला असेल, तर एकच प्रश्न आधी विचारावा: कुंडी किती लिटरची होती?