शोएनबर्गच्या सहा लहान पियानो-रचना

अर्नोल्ड शोएनबर्ग याचें नांव निघालें कीं, पाश्चात्त्य संगीताची आवड असणाऱ्या जाणत्या मंडळींच्याहि कपाळास आठ्या पडतात. यानें सुरांचें गणित मांडिलें आणि गाणें मारिलें, असा त्याच्यावर आक्षेप आहे. तो कितपत खरा आहे हें पाहावयाचें तर १९११ सालच्या त्याच्या सहा चिमुकल्या पियानो-रचनांकडे वळावें, असें आम्हांस वाटतें. साही मिळून वाजविण्यास पांच-सहा मिनिटें पुरतात. आम्हीं त्या प्रथम ऐकिल्या तेव्हां एक संपून दुसरी केव्हां सुरू झाली हेंच आम्हांस कळलें नव्हतें!

येथें थोडा खुलासा केला पाहिजे. आपल्या गायनांत तंबोऱ्याचा षड्ज अखंड चालू असतो; गवई कोठेंहि भटकला तरी अखेर त्या घरीं परततो. युरोपांत तंबोरा नाहीं, तरी तेथेंहि कित्येक पिढ्या एका मुख्य स्वराचेंच राज्य चाललें होतें. वाग्नेरसारख्यांनीं घरीं परतण्याची वेळ लांबवीत नेली. शोएनबर्गनें १९०८-०९ च्या सुमारास तें घरच सोडलें. पण षड्ज सुटल्यावर रचना लांबवावयाची कशाच्या आधारावर? एक तर काव्याचे शब्द हाताशीं घ्यावे, नाहीं तर थोडक्यांत आटपावें. त्यानें दोन्ही मार्ग चोखाळले.

१९ फेब्रुवारी १९११ या एकाच दिवशीं यांतील पहिल्या पांच रचना लिहिल्या गेल्या. दुसरींत षड्ज व शुद्ध गंधार यांमध्यें जेवढें अंतर तेवढ्या अंतरावरील दोन स्वर एकदम, हलकेच, पुनःपुनः वाजतात. घर सांपडलें असें वाटतें न वाटतें तोंच भोंवतालचे परके स्वर तो भ्रम घालवितात. हें दारिद्र्य नव्हे. शंभराहून अधिक वादक लागणाऱ्या आपल्या ‘गुरेलीडर’ या प्रचंड कृतीचें वाद्यलेखन त्यानें त्याच वर्षीं पुरें केलें.

त्याच वर्षाच्या १८ मे रोजीं व्हिएन्ना येथें गुस्टाफ माहलर वारला. माहलर वयानें चौदा वर्षांनीं वडील, सर्वमान्य संगीत-संचालक. शोएनबर्गची नवी वाट त्यास सर्वस्वीं उमगत नव्हती, तरी १९०७ सालीं श्रोते शोएनबर्गच्या रचनेची हुर्यो करूं लागतांच भर सभेंत त्याची बाजू घेऊन तो उभा राहिला होता. आपल्यामागें शोएनबर्गचें कोण, ही चिंता त्यास अखेरच्या दुखण्यांतहि होती, असें त्याच्या पत्नीनें लिहून ठेविलें आहे. शोएनबर्गनें त्याच्या अंत्यविधीचें चित्र रंगविलें, आणि त्याच सालीं निघालेला आपला स्वरसंवादशास्त्रावरील ग्रंथ त्याच्या स्मृतीस अर्पण केला. जुन्या नियमांचा एवढा ग्रंथ लिहिणाऱ्यास ते नियम ठाऊक नव्हते म्हणून त्यानें ते मोडले, असें कोणास म्हणतां येईल?

सहावी रचना १७ जूनची, म्हणजे माहलरच्या मृत्यूस महिना होत आला तेव्हांची. ती त्याच्या दफनाच्या आठवणींतून झाली असें परंपरेनें सांगतात, आणि आम्हांस तें पटतें. ज्या बारा स्वरांच्या पद्धतीमुळें शोएनबर्गवर गणिताचा आरोप येतो, ती त्यानें १९२० नंतरच्या वर्षांत सिद्ध केली. येथें ती नाहीं. येथें आहेत ते नऊ बार. प्रथम वरच्या पट्टींत तीन स्वर एकत्र वाजतात. ते विरण्यापूर्वींच खालीं आणखी तीन. दुरून घंटानाद यावा तसे हे दोन स्वरपुंज पुनःपुनः येतात. मध्यें एक तुटक स्वरपंक्ति बोलूं लागते आणि थांबते. सारी रचना हलक्या आवाजांतच चालते. मोठा आवाज कोठेंच नाहीं. शेवटीं तेच स्वरपुंज परततात आणि त्यांच्या खालीं, अगदीं खर्जांत, दोन स्वर उमटतात. ते कसे वाजवावे याची सूचना शोएनबर्गनें तेथेंच लिहिली आहे : एखाद्या श्वासासारखे.