कृत्रिम उपग्रहांचे आयुर्मान

2 एप्रिल 2022 रोजी, वर्षप्रतिपदेच्या सायंकाळी, महाराष्ट्राच्या आकाशातून जळते गोळे ओळीने जाताना अनेकांनी पाहिले; आणि त्याच सुमारास चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक कडे येऊन पडले. फेब्रुवारी 2021 मध्ये चीनने सोडलेल्या अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. प्राणहानी झाली नाही, हे सुदैव. परंतु मनुष्याने आकाशात चढविलेली वस्तू तेथे किती काळ राहते, आणि तिच्या अखेरीचा भार कोणी वाहावयाचा, हे दोन प्रश्न त्या कड्याने आपल्या दाराशी आणून ठेविले, यात संशय नाही.

एकदा कक्षेत गेलेला उपग्रह चंद्राप्रमाणे अखंड फिरत राहील, अशी पुष्कळांची समजूत असते. ती यथार्थ नव्हे. पृथ्वीचे वातावरण एखाद्या कुंपणापाशी संपावे तसे संपत नाही. ते उत्तरोत्तर विरळ होत जाते. आमच्या वसईच्या किल्ल्याचे चिरे समुद्राचा खारा वारा जसा कणाकणाने झिजवितो, तसाच हा विरळ वायू उपग्रहाची शक्ती प्रत्येक फेरीत थोडथोडी हरण करितो. उपग्रह किंचित खाली येतो. तेथे वायू अधिक दाट, म्हणून रोधही अधिक. आणि शेवटी तो जळून जातो. अर्थात् आयुष्याचे मुख्य माप उंची हेच होय. चारशे किलोमीटरवर ते एकदोन वर्षांचे, आठशेवर शतकाहून अधिक, आणि छत्तीस हजारांवर, जेथे दूरचित्रवाणीचे उपग्रह असतात, जवळजवळ अमर्याद.

इतिहास याची साक्ष देतो. 4 ऑक्टोबर 1957 रोजी रशियाने सोडलेला पहिला 'स्पुटनिक' अवघ्या तीन महिन्यांत भस्म झाला. उलट 1958 साली अमेरिकेने सोडलेला इवलासा 'व्हॅनगार्ड' 1964 पासून मुका झाला असूनही अद्याप फिरतो आहे. आपला 'आर्यभट' 19 एप्रिल 1975 रोजी सुमारे सहाशे किलोमीटर उंच गेला. वीजपुरवठा बिघडल्याने त्याचे वेध चारपाच दिवसांतच थांबले, तरी देह मात्र फेब्रुवारी 1992 पर्यंत फिरतच होता. 1981 ची 'रोहिणी' योजिलेल्या उंचीपेक्षा खाली राहिली, ती नऊ दिवसांतच जळाली. सारांश, उपग्रहाचे कार्य आणि त्याचे अस्तित्व ही दोन आयुष्ये भिन्न आहेत.

तथापि हे गणित सर्वस्वी आपल्या हाती नाही. सूर्य क्षुब्ध झाला की वरचे वातावरण तापून फुगते आणि रोध वाढतो. अमेरिकेची 'स्कायलॅब' याच कारणाने अपेक्षेपूर्वी उतरू लागली आणि 11 जुलै 1979 रोजी कोसळली. तिचे तुकडे हिंदी महासागरात व ऑस्ट्रेलियात पडले. ती कोठे पडेल या भीतीने तेव्हा आपल्याकडेही लोक धास्तावले होते.

म्हणूनच 'कार्टोसॅट-2' चे उदाहरण आम्हांस मोलाचे वाटते. 2007 साली सुमारे 635 किलोमीटरवर गेलेला हा उपग्रह आपोआप खाली येण्यास सुमारे तीस वर्षे लागली असती. आपल्या शास्त्रज्ञांनी 2020 च्या आरंभी उरलेले इंधन खर्चून त्यास 380 किलोमीटरवर उतरविले, आणि 14 फेब्रुवारी 2024 रोजी तो हिंदी महासागरावर विलीन झाला.

निकामी झालेला उपग्रह दुसऱ्यांच्या वाटेत येतो. आदळल्यास एकाचे सहस्र तुकडे होतात. लाडबोरीच्या शेतकऱ्यांचा त्या अग्निबाणाशी कोणता संबंध होता? काहीही नाही, तरी कडे पडले ते त्यांच्याच गावी. वर चढविण्याच्या विद्येचे कौतुक आपण मुक्तकंठाने करावे. परंतु उतरविण्याची चिंता आधीच वाहणे, हीच त्या विद्येची परिपूर्णता होय, असे आमचे मत आहे.