पहिल्या निवडीचा मोह

दुर्बलाला प्रथम हात द्यावा, या निर्मळ न्यायबुद्धीतून उपजलेल्या एका नियमाने पुढे धडधाकट संघांनाही दुर्बल होण्याचा मोह कसा पाडला, याची हकीकत अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या दप्तरात तपशिलासह नोंदलेली आहे. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या होतकरू गड्यांना संघांनी क्रमाक्रमाने उचलावे आणि गतहंगामात तळाशी राहिलेल्यांना त्या क्रमात अग्रमान मिळावा, ही ड्राफ्टची वहिवाट 1947 पासूनची, म्हणजे एनबीए हे नावही रूढ होण्यापूर्वीची आहे. हेतू इतकाच होता, की धनाढ्य शहरांनी सारे उत्तम खेळाडू आपल्याच पदरी ओढू नयेत. परंतु या खेळात मैदानावर एका बाजूला अवघे पाच गडी असतात, त्यामुळे एक असामान्य खेळाडू संघाचे भाग्य जितके पालटू शकतो तितके ते अकरा जणांच्या खेळात सहसा पालटत नाही. शिवाय युरोपातील फुटबॉलप्रमाणे तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलण्याचा शिरस्ता तेथे नाही. अशा ठिकाणी पराजयाला शिक्षा नव्हतीच, वर बक्षीस मात्र होते.

1966 पासून दोन्ही विभागांतील सर्वांत खालच्या संघांमध्ये नाणेफेक करून पहिल्या निवडीचा निवाडा होऊ लागला. 1969 साली ही नाणेफेक मिल्वॉकी आणि फिनिक्स या आदल्याच वर्षी जन्मलेल्या दोन संघांत झाली, आणि पणाला लागला होता ल्यू अल्सिंडर, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगाला परिचित झाला. त्या हंगामातील 82 सामन्यांपैकी फिनिक्सने 66 गमावले होते, मिल्वॉकीने 55. फिनिक्सने आपल्या चाहत्यांचा कौल घेऊन छापा मागितला आणि काटा पडला. अकरा पराजय कमी पदरी असलेल्या मिल्वॉकीला अल्सिंडर मिळाला आणि 1971 मध्ये त्या संघाने अजिंक्यपदही पटकावले. मात्र त्या यशात 1970 साली अदलाबदलीने आणलेल्या ऑस्कर रॉबर्टसन या अनुभवी खेळाडूचा वाटा किती मोठा होता, हे सांगितल्यावाचून ती कथा पुरी होत नाही. फिनिक्सला पुढची सहा वर्षे अंतिम फेरीही दिसली नाही.

पराजयाचा हा हिशेब उघडपणे मांडला जाऊ लागला तो 1984 मध्ये. ह्यूस्टनच्या संघाने आदल्या वर्षी पहिल्या निवडीने राल्फ सॅम्पसन मिळवला होता, तरीही हंगामाच्या अखेरीस तो संघ असा काही घसरला, की केवळ 29 विजय त्याच्या नावावर राहिले. त्या घसरणीतला एक सामना आजही बोलला जातो. कारकिर्दीच्या अगदी शेवटाला आलेला, वयाची 38 वर्षे उलटलेला एल्विन हेज, ज्याला एरवी थोडा वेळ मैदानात उतरवून परत बसवीत असत, तो सॅन अँटोनियोविरुद्ध वाढीव वेळेपर्यंत लांबलेल्या सामन्यात पूर्ण 53 मिनिटे, एक क्षणही विश्रांती न देता, खेळवला गेला. हेजने आपल्या परीने जीव तोडूनच खेळ केला असणार, कारण मैदानावरचा गडी हरण्यासाठी धावत नाही. हार ठरते ती कोणाला उतरवायचे आणि कोणाला बसवायचे याचे हुकूम जेथून सुटतात त्या कचेरीत, आणि म्हणूनच या प्रथेचा दोष खेळाडूंच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. नाणेफेकीत ह्यूस्टनने पोर्टलंडला मात दिली आणि हकीम ओलाजुवान त्यांच्याकडे आला. त्याच्या बळावर ह्यूस्टनने अजिंक्यपदे जिंकली हे खरे, परंतु ती 1994 आणि 1995 सालची. दरम्यान एक दशक उलटले होते आणि सॅम्पसन केव्हाच दुसरीकडे रवाना झाला होता. शिवाय मायकल जॉर्डन त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मिळाला, कारण दुसऱ्या क्रमांकावर पोर्टलंडने सॅम बोवीला पसंत केले होते.

या प्रकाराने लोकांच्या मनात संशय बळावताच आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी नाणेफेक बंद करून लॉटरी आणली. मे 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात, बाद फेरीत न पोहोचलेल्या सातही संघांची नावे घातलेले सात लिफाफे एका पारदर्शक पिंपात फिरवण्यात आले. प्रत्येकाची संधी अगदी समसमान. पहिली निवड न्यूयॉर्कला गेली आणि पॅट्रिक युइंग त्या शहराचा झाला, त्यावरून उठलेल्या कुजबुजी अद्याप शमलेल्या नाहीत. मला मात्र त्या दिवशीची दुसरी बाब अधिक बोलकी वाटते. तळाला असलेल्या गोल्डन स्टेटला सातवा, म्हणजे सर्वांत शेवटचा लिफाफा आला, आणि त्या सातव्या निवडीने त्यांनी ख्रिस मलिन उचलला, जो 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक विजेत्या अमेरिकी संघात होता. पारख असली तर सातवा क्रमांकही वाया जात नाही.

पुढे दुर्बलांची कणव पुन्हा प्रबळ झाली आणि 1990 पासून अधिक हरणाऱ्याला अधिक संधी देण्यात आली. 1993 मध्ये 41 सामने जिंकलेल्या ओरलँडोने 66 पैकी एका संधीवर पहिली निवड मिळवली, तेव्हा पारडे आणखी झुकवून तळाच्या संघाची शक्यता 25 टक्के करण्यात आली. फिलाडेल्फियाचे कारभारी सॅम हिंकी यांनी 2013 मध्ये जी योजना आखली ती या पंचवीस टक्क्यांच्या भरवशावर. त्यांनी चांगले खेळाडू देऊन भविष्यातील निवडी जमवल्या आणि तीन हंगामांत संघाचे विजय झाले अनुक्रमे 19, 18 आणि 10. 72 पराजयांचा तो तिसरा हंगाम सरत असतानाच हिंकी पायउतार झाले. या साऱ्यातून जोएल एम्बीडसारखा अलौकिक खेळाडू लाभला, जो 2023 मध्ये सर्वोत्तम ठरला. पण नर्लेन्स नोएल आणि जहलील ओकाफोर यांच्यावर खर्ची पडलेल्या निवडी निष्फळ गेल्या, एम्बीडची पहिली दोन वर्षे दुखापतीत गेली, आणि 2025 पर्यंत तो संघ बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यापलीकडे एकदाही गेला नाही. तिकीट काढून आलेल्या फिलाडेल्फियातील बापलेकांनी त्या तीन वर्षांत जे पाहिले त्याची भरपाई कोणत्या खात्यातून व्हायची, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

या उद्वेगातूनच 2019 पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखी 14 टक्के संधी असा नियम झाला. 2023 मध्ये 17 विजयांसह सर्वांत खाली राहिलेल्या डेट्रॉइटला पाचवी निवड मिळाली आणि व्हिक्टर वेम्बन्यामा सॅन अँटोनियोला गेला; 2025 मध्ये 1.8 टक्के शक्यता असलेल्या डॅलसने पहिली निवड नेली. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे 2013 पासून ज्याचे प्रमुख मालक आहेत, त्या सॅक्रामेंटोला 16 हंगाम बाद फेरी गाठता आली नाही. त्या काळात उंच निवडी त्यांच्या वाट्याला वारंवार आल्या, आणि 2018 मध्ये दुसऱ्या निवडीवर त्यांनी लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅग्ली घेतला.

पराजय विकत घेतो तो केवळ रांगेतला क्रम, आणि तोही सोडतीच्या स्वाधीन. निकोला योकिच 41 व्या निवडीने डेन्व्हरला मिळाला, यानिस अँटेटोकुन्पो 15 व्या निवडीने मिल्वॉकीला. दोघांनीही आपापल्या संघांना अजिंक्यपद मिळवून दिले. हरण्याच्या पक्षात आवर्जून दाखला दिला जातो तो ओक्लाहोमा सिटीचा, आणि त्या संघाने दोन हंगाम पराजय पत्करले व चेट होल्मग्रेन दुसऱ्या निवडीने मिळवला हे नाकारण्याचे कारण नाही; पण 2025 च्या त्याच्या विजयाचा आधारस्तंभ शाय गिल्जस-अलेक्झांडर हा 2019 मध्ये, एका नामांकित खेळाडूच्या बदल्यात आला होता, तो हरून मिळालेला नव्हता. तेव्हा जाणूनबुजून हरणे हे शहाणपण नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि एनबीएने 1985 ची समान संधीची लॉटरी पुन्हा सुरू करावी, तळाच्या संघाला सातवा लिफाफा आला तरी चालेल.