अठराव्या मिनिटाला बाहेर

आमच्या पारोळ्यात खेळ म्हणजे क्रिकेट. फुटबॉलमधला ‘विंगर’ कोण, हे सांगायचं तर मी रॉबर्ट पिरेसचं नाव घेतो. कडेने चेंडू पळवत न्यायचा आणि गोलची संधी दुसऱ्याला द्यायची, हे त्याचं काम. २ जुलै २००० ला युरोच्या फायनलमध्ये त्याने डावीकडून चेंडू आत दिला, ट्रेझेगेने गोल मारला. ‘गोल्डन गोल’चा नियम होता, त्यामुळे मॅच तिथेच संपली आणि फ्रान्स चॅम्पियन!

आर्सेनलसाठी त्याने २८४ सामन्यांत ८४ गोल केले. मग १७ मे २००६. चॅम्पियन्स लीगची फायनल, तीही पॅरिसला लागून. अठराव्या मिनिटाला गोलकीपर लेहमनला रेड कार्ड. बदली गोलकीपर घ्यायचा तर कुणीतरी बाहेर जाणारच. कोच वेंगरने पिरेसला काढलं. चूक त्याची नव्हती, तरी आर्सेनलसाठी ती त्याची शेवटची मॅच ठरली. प्रोजेक्टवरून अचानक ‘रिलीज’ झालेल्यांना हे वेगळं सांगायला नको :)

पुढे स्पेनमध्ये व्हियारेआल, मग ॲस्टन व्हिला. २०१४ मध्ये हाच माणूस एफसी गोवाकडून मडगावच्या फातोर्डा मैदानावर उतरला. कोच झिको, पिरेसचं वय ४१. कोलकात्याविरुद्धच्या सामन्यातल्या भांडणावरून बंदीही आली. सेमीफायनलला गोवा त्याच कोलकात्याकडून पेनल्टीवर हरलं.

म्हातारपणी पैशांसाठी आला, असं म्हणणं सोपं आहे. पैसा असेलही. पण ज्याला ऐन फायनलमध्ये दुसऱ्याने उठवलं, त्याला निदान शेवट तरी स्वतः ठरवावासा वाटला असेल, असं मला वाटतं. २०१६ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.