963 किलोहर्ट्झवरचा खानदेश: आकाशवाणी जळगाव केंद्राची वाटचाल

भारतातील नियमित रेडिओ प्रसारण 23 जुलै 1927 रोजी मुंबईत सुरू झाले. खानदेशाला स्वतःचे केंद्र मिळायला त्यानंतर जवळपास अर्धे शतक लागले. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात आकाशवाणीची अवघी सहा केंद्रे होती आणि महाराष्ट्राच्या वाट्याला त्यांपैकी एकटे मुंबई होते. 1948 मध्ये नागपूर आणि 2 ऑक्टोबर 1953 रोजी पुणे केंद्र सुरू झाले. तापीकाठच्या गावांना ही सगळी केंद्रे लांबची. त्यातल्या त्यात जवळचे इंदूर सातपुड्यापलीकडे होते आणि त्याची भाषा हिंदी होती. मराठी कानावर पडे ती मुंबई-पुण्याची. पाऊसपाणी, पीक, बाजार यांविषयीचे बोलणेही बहुधा दुसऱ्याच मुलखाचे असे.

बोलक्या रेडिओचे सामर्थ्य महाराष्ट्राने 1956 मध्येच पाहिले होते. युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा गावकरी संचाभोवती बसत, कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली आणि पुढे तो देशभर नेण्यात आला. ऐकणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, ही त्यातील खरी शिकवण होती. या पाच जिल्ह्यांत नाशिक होते, पण जळगाव आणि धुळे नव्हते.

1976 साली जळगावात आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. मध्यम लहरींवर 311.5 मीटर अर्थात 963 किलोहर्ट्झ ही त्याची जागा. काळ आणीबाणीचा होता. बातम्यांवर सरकारचे कडक नियंत्रण होते, आणि आकाशवाणीचा आवाज हा सरकारचाच आवाज, अशी सार्वत्रिक भावना होती. जन्मवेळेची ही अडचण नाकारण्यात अर्थ नाही. आणीबाणी उठल्यावर वर्गीज समितीने 1978 मध्ये आकाशवाणीला स्वायत्तता देण्याची शिफारस केली. ती प्रत्यक्षात यायला 23 नोव्हेंबर 1997 उजाडले आणि प्रसार भारती अस्तित्वात आली. मधल्या वीस वर्षांत जिल्ह्याच्या केंद्राने श्रोत्यांचा विश्वास कमावला. बातम्या त्याला पुण्या-दिल्लीहून सहक्षेपित कराव्या लागत. विश्वास बसला तो स्थानिक बोलण्यावर: शेतीवर, आरोग्यावर, घरसंसारावर, गावच्या माणसांवर.

केंद्राचा दिवस वॉल्टर कॉफमन यांनी 1930 च्या दशकात बांधलेल्या संकेतधुनीने उघडतो. पुढे दिवसाचे प्रसारण सभांमध्ये, म्हणजे सत्रांमध्ये, विभागलेले असते. गाणी असतातच, पण आकाशवाणीच्या प्रादेशिक केंद्राचा कणा बोललेल्या शब्दाचा आहे. सकाळचे चिंतन, महिलांचा कार्यक्रम, मुलांचा कार्यक्रम, युववाणी, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी माहिती, रात्री भाषण, मुलाखत, परिसंवाद किंवा श्रुतिका. यातील प्रत्येक दहा मिनिटांमागे मोठी तयारी असते. वक्त्याला पत्र जाते आणि संहिता मागवली जाते. कार्यक्रम अधिकारी ती वाचतात, वेळेत बसवतात आणि लिहिण्याची भाषा बोलण्याच्या भाषेकडे आणतात. मग ध्वनिमुद्रण. कॉलेजातला प्राध्यापक वर्गात पाऊण तास सहज बोलतो, पण ध्वनिक्षेपकासमोर तेच दहा मिनिटांत सांगताना त्याचा कस लागतो. शिक्षक, डॉक्टर, शेतीशास्त्रज्ञ, कीर्तनकार, लेखक अशा शेकडो माणसांना नेमके बोलण्याची शिस्त या स्टुडिओने लावली. त्याचा फायदा त्यांच्या रोजच्या कामालाही झाला.

शेतीच्या कार्यक्रमांचे मोल जळगावला विशेष. रावेर-यावल पट्ट्यातली केळी आणि सर्वदूर पसरलेला कापूस ही दोन्ही पिके चुकीला क्षमा न करणारी. केळीच्या पानावर करपा दिसू लागला की त्या आठवड्यातच काय करायचे ते कळले पाहिजे. बोंडअळीचेही तसेच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन छापील पत्रकातून गावात पोचायला वेळ लागे. शिवाय पत्रक वाचणारा लागे. रेडिओला वाचणारा लागत नव्हता. मोटेवर, मळ्यात, गोठ्यात तो चालू राही. ब्रिटनमध्ये बीबीसीने 1 जानेवारी 1951 पासून ‘द आर्चर्स’ ही शेतकरी कुटुंबाची श्रुतिमालिका देशभर सुरू केली, तीही युद्धोत्तर टंचाईच्या काळात शेतीची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठीच. गप्पांतून शेती शिकवण्याची गरज दोन्हीकडे सारखी होती. खानदेशात मात्र ऐकणाऱ्याचे पोट त्याच पिकावर अवलंबून होते.

केंद्राचे सर्वांत मोठे देणे बोलींचे आहे. अहिराणी, लेवा गणबोली, तावडी, शिवाय सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजाच्या बोली अशी भाषांची श्रीमंती या भागात आहे. शाळेत मात्र याच बोलींबद्दल मुलांना संकोच वाटायला लावला जाई. बहिणाबाई चौधरी (1880-1951) यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी गाणी रचली ती तोंडीच, आणि ती पुस्तकरूपाने आली 1952 मध्ये, मुलगा सोपानदेव यांनी जपून ठेवली आणि आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखले म्हणून. असोद्याच्या या कवयित्रीचा मुलूख मुळातच कानाचा. त्या मुलखाची बोली सरकारी स्टुडिओतून, शुद्ध-अशुद्धाची चौकशी न होता ऐकू येणे ही श्रोत्यांसाठी मोठी घटना होती. आखाजीची गाणी, कानबाईचा उत्सव, म्हणी, उखाणे, गावोगावच्या आठवणी यांना त्यामुळे मानाचे स्थान मिळाले. विद्यापीठीय अभ्यासक बोलींकडे वळले त्याला इतर कारणेही आहेत, पण लोकांच्या मनातला संकोच घालवण्यात रेडिओचा वाटा मोठा, असे म्हणता येते.

स्थानिक केंद्रांची कल्पना देशात 1984 मध्ये नागरकोईलपासून रुजली. त्याच धोरणातून पुढे धुळ्यालाही एफएमवर आकाशवाणीचे केंद्र मिळाले. राजवाडे संशोधन मंडळाचे हे शहर. ‘कवितारती’सारखे केवळ कवितेला वाहिलेले नियतकालिकही 1985 पासून येथूनच निघाले. बोलणाऱ्यांची येथे वाण नव्हती. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला, तरी त्याचा श्रोता या दोन केंद्रांशी जोडलेला राहिला.

अडचणी पुष्कळ आल्या. दूरदर्शनने संध्याकाळ हिरावली, खासगी एफएमने तरुण नेला. स्पूलच्या फिती महाग असल्याने जुन्या ध्वनिमुद्रणावरच नवे मुद्रण करण्याची आकाशवाणीची सर्वत्र रीत होती. तिच्यापायी अनेक आवाज कायमचे पुसले गेले. ही हानी भरून येणारी नाही. नव्वदच्या दशकानंतर भरती आटली, निवृत्तांच्या जागा रिकाम्या राहिल्या. तरीही सभा वेळेवर उघडत राहिल्या, याचे श्रेय नैमित्तिक उद्घोषकांना द्यावे लागेल. तुटपुंज्या मानधनावर, पहाटेच्या सभेसाठी अंधारात घरून निघणाऱ्या या स्त्री-पुरुषांची नावे श्रोत्यांना आवाजावरून पाठ असतात. अभियंते, प्रक्षेपण केंद्रावर रात्र काढणारे तंत्रज्ञ, संहिता टंकणारे कर्मचारी आणि पोस्टकार्डावर अभिप्राय लिहिणारे श्रोते यांच्याशिवाय ही वाटचाल झालीच नसती.

आज मुद्रण संगणकावर होते आणि आकाशवाणीची केंद्रे मोबाइलच्या ॲपवरही ऐकू येतात. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेल्या खानदेशी माणसाला गावाकडचे बोलणे लहरींच्या मर्यादेबाहेरही मिळू लागले आहे. 2026 मध्ये जळगाव केंद्राच्या स्थापनेला 50 वर्षे पूर्ण होत आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतील ज्या घरांत केंद्राची जुनी करारपत्रे, भाषणांच्या संहिता, श्रोतापत्रांची उत्तरे किंवा रेडिओवरून कॅसेटवर उतरवून घेतलेले कार्यक्रम असतील, त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नयेत. कॅसेटच्या फिती लवकर खराब होतात. त्या वेळीच संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि त्यांवर वक्त्याचे नाव व वर्ष लिहून ठेवावे.