चौथी तार: एका युद्धकालीन सवलतीची ५४ वर्षे

१/ अमेरिकेतील एखाद्या जुन्या घरात स्वयंपाकघरातला विजेचा ओव्हन निकामी होतो. नवा ओव्हन येतो. वायरमन ब्रेकर पाडतो, जुना ओव्हन भिंतीच्या कोनाड्यातून बाहेर ओढतो आणि मागची जोडपेटी उघडतो. नव्या ओव्हनला चार तारा आहेत, भिंतीतून मात्र तीनच बाहेर आल्या आहेत. ही चौथी तार कुठे गेली, याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे.

२/ आधी थोडी विजेची मांडणी. अमेरिकी घरात दोन फेज तारा येतात. त्या दोहोंमध्ये २४० व्होल्ट, आणि प्रत्येक फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये १२० व्होल्ट. ओव्हनची तापणारी कॉइल २४० वर चालते. आतला दिवा आणि घड्याळ १२० वर. म्हणून दोन्ही फेज हव्यात आणि न्यूट्रलही हवी. शिवाय ओव्हनच्या धातूच्या अंगाला जोडलेली अर्थिंगची तार हवी, जिच्यातून एरवी वीज वाहतच नाही. एकूण चार.

३/ आपल्याकडच्या तीन पिनांच्या प्लगशी याची गल्लत करू नये. आपल्या प्लगमधली लांब, जाड पिन अर्थिंगची असते. अमेरिकेतील जुन्या ओव्हनच्या तीन छिद्रांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगला स्वतंत्र जागाच नाही: दोन फेज आणि एक न्यूट्रल, बस्स.

४/ डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. तांबे हा एकाएकी लष्करी धातू झाला. काडतुसांच्या पितळी नळ्या, जहाजांवरील केबली, रेडिओ, मोटारी, सर्वांना तांबे हवे होते. १९४३ सालचे एक सेंटचे नाणे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादातून पाडावे लागले, इतकी ही टंचाई होती.

५/ याच टंचाईची दुसरी कथा अधिक नवलाची आहे. अणुबॉम्ब प्रकल्पासाठी टेनेसीतील ओक रिज येथे युरेनियमचे घटक वेगळे करणारे प्रचंड विद्युतचुंबक उभारायचे होते. त्यांच्या वेटोळ्यांना पुरेल इतके तांबे मिळेना. तेव्हा सरकारी खजिन्यातून सुमारे १३,३०० मेट्रिक टन चांदी उसनी घेण्यात आली आणि तिची वेटोळी करण्यात आली.

६/ जेथे खजिन्यातली चांदी बाहेर काढावी लागली, तेथे स्वयंपाकघरातली एक तार कशी सुटेल? १८९७ पासून प्रसिद्ध होत आलेल्या ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ या नियमसंहितेत जुलै १९४२ मध्ये एक तात्पुरती दुरुस्ती झाली. विजेच्या शेगडीच्या अंगाला वेगळी अर्थिंग नको. ते न्यूट्रललाच जोडले तरी चालेल. प्रत्येक शेगडीमागे एक तार वाचली.

७/ युद्धाच्या निकडीत हा निर्णय अविचारी म्हणता येणार नाही. न्यूट्रल आणि अर्थिंग मुख्य पॅनेलमध्ये एकमेकांना जोडलेल्याच असतात. शेगडीची न्यूट्रल तार जाड असते, सहसा तुटत नाही. जोवर ती अखंड आहे तोवर शेगडीच्या अंगावर घातक दाब येत नाही.

८/ खरा प्रश्न त्या ‘जोवर’मध्ये आहे. वर्षानुवर्षे तापून-निवून टर्मिनलचा स्क्रू ढिला होतो. न्यूट्रल सुटते. मग दिव्यातून आलेली वीज परतीची वाट न मिळाल्याने ओव्हनच्या पत्र्यापर्यंत येऊन थांबते. पत्रा १२० व्होल्टवर! दिवा व घड्याळ बंद पडतात. पण कॉइल दोन फेजांवर चालत असल्याने ओव्हन तापतच राहतो आणि कोणाला फारसा संशय येत नाही. एक हात ओव्हनच्या दारावर, दुसरा सिंकच्या नळावर, आणि देह हीच परतीची वाट होते.

९/ युद्ध १९४५ मध्ये संपले. तात्पुरती सवलत मात्र रद्द होण्याऐवजी १९४७ च्या संहितेत कायम झाली, आणि पुढे कपडे वाळवण्याच्या यंत्रांनाही लागू झाली. युद्धोत्तर काळात उपनगरांत लाखो घरे उठत होती. एक तार कमी लागणे बांधणाऱ्यांच्या सोयीचेच होते. ओक रिजच्या चांदीचा अखेरचा हिस्सा १९७० मध्ये खजिन्यात परत गेला. स्वयंपाकघराची उसनी तार परत मिळण्यास १९९६ साल उजाडले. टंचाईत दिलेली सूट सोयीची ठरली की टंचाईपेक्षा दीर्घायुषी होते, हे येथे स्पष्ट दिसते.

१०/ १९९६ च्या संहितेने नव्या जोडणीसाठी चार तारा सक्तीच्या केल्या. जुनी जोडणी मात्र अटींसह राहू दिली. त्यामुळे त्यापूर्वीच्या घरात ओव्हन बदलणे म्हणजे एका अर्थी पुराभिलेख वाचणेच आहे.

११/ आणि तो चुकीचा वाचला जाण्याचा धोका मोठा. काही जुन्या केबलींत न्यूट्रलवर आवरणच नसे. पेटीत उघडी तार दिसली की पाहणारा तिला अर्थिंग समजतो. प्रत्यक्षात ती वीज वाहणारी न्यूट्रल असते. १९९६ च्या संहितेनुसार अशी उघडी न्यूट्रल थेट मुख्य पॅनेलमधून आली असेल तरच मान्य होती. मधल्या उपपॅनेलमधून आली असेल तर नव्हती. म्हणून ब्रेकर पाडल्यावर टेस्टरने खात्री करायची, आणि तारा केवळ मोजायच्या नाहीत, त्या कुठून निघाल्या हेही पाहायचे.

१२/ ओव्हनच्या पाटीवरचा आकडाही पाहावा लागतो. ४.८ किलोवॉटचा ओव्हन २४० व्होल्टवर २० अँपिअर घेतो. तारेची जाडी आणि ब्रेकर या भाराला जुळले पाहिजेत. जुना ओव्हन चालत होता, एवढ्यावरून नवाही चालेल असे ठरत नाही.

१३/ राहिली एक छोटी पट्टी. अनेक ओव्हनांमध्ये न्यूट्रल आणि धातूचे अंग यांना जोडणारा दुवा कारखान्यातूनच बसवून येतो. १९४२ चा निर्णय त्या इंचभर धातूत आजही शिल्लक आहे. भिंतीत चार तारा असतील तर हा दुवा सोडवावा लागतो, अन्यथा न्यूट्रलची वीज अर्थिंगच्या तारेतूनही वाहू लागते. तीनच असतील आणि जोडणी अटींत बसत असेल तर तो राहतो. मात्र नवी केबल ओढायची ठरलीच, तर ती चार तारांचीच ओढावी लागते.